जिनोआमार्गे व्हिएन्ना

मांडवी, रत्नागिरी
१८ ऑक्टोबर १९३७

आत्माराम,

नावाआधी काय लिहावं ते सहा वर्षांनी सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. पत्ता दरवर्षी येणाऱ्या दिवाळीच्या कार्डावरून घेतला. घर बदललं नसशील असं समजतो.

कामाचं तेवढं लिहितो. येत्या एप्रिलात मी आणि तुझी आई युरोपचा प्रवास करावा म्हणतो. अठ्ठावीस वर्षं या बंदरावर आगबोटीच्या कचेरीत बसून मी लोकांना मुंबईची, वेंगुर्ल्याची, पणजीची तिकिटं दिली. स्वतः मुंबईपलीकडे गेलो नाही. आता नोकरी संपली आहे, हातपाय धड आहेत, तेव्हा एकदा जग पाहून घ्यावं. यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही.

मार्ग असा काढला आहे. मुंबईहून इटालियन बोटीने बारा दिवसांत जिनोआ. तिथून आगगाडीने मिलान, एक मुक्काम. मग व्हेनिस, दोन मुक्काम, कारण तिथे रस्त्याच्या जागी पाणी आहे आणि तुझ्या आईला होडीची सवय आहे. व्हेनिसहून सकाळच्या गाडीने टार्व्हिसिओच्या नाक्यावरून व्हिएन्ना. व्हिएन्नाहून साल्झबर्गपर्यंत पुन्हा आगगाडी, आणि तिथे भाड्याची मोटार घेऊन चार दिवस तळ्यांच्या मुलखात हिंडायचं. शेवटी स्वित्झर्लंड करून परत जिनोआ. येऊनजाऊन दोन महिने.

मिऱ्याचा भिकाजी पिलणकर आठवत असेल. बत्तीस वर्षं मोठ्या बोटींवर बटलर होता. रोज संध्याकाळी येऊन माहिती देतो. काल म्हणाला, "जिनोवा म्हंजे काय वो, आपला जयगडच. डोंगर तसाच, धक्का तसाच. फकस्त माड न्हायत." त्याने सगळी बंदरं पाहिली आहेत, बंदरापासून मैलभर आत काय असतं ते त्याला ठाऊक नाही. आतलं मी पुस्तकांवरून काढतो.

व्हिएन्ना वाटेवरच पडतं. तुला अडचण नसेल तर दोन दिवस भेट होईल. असेल तर स्टेशनाजवळच्या एखाद्या बऱ्या हॉटेलाचं नाव कळव, म्हणजे झालं.

उत्तर हवाई टपालाने पाठवावं.

महिपत नागवेकर

(पुरी सही बंदरावरच्या सवयीने झाली. कागद पुन्हा लिहीत बसत नाही.)


मांडवी
२ डिसेंबर १९३७

आत्माराम,

सहा आठवडे झाले. पत्र पोचलं नाही असं धरून पुन्हा लिहितो. पोचलं असेल तर हे दुसरं समजावं.

मोटारीविषयी काही शंका आहेत. मुंबईच्या प्रवास-कंपनीने पाठवलेल्या पुस्तकात "स्वतः चालवणाऱ्यांसाठी" मोटारींचे दर आहेत. मी बैलगाडीसुद्धा कधी सरळ हाकली नाही. ड्रायव्हरसकट मोटार मिळते का? ड्रायव्हरला इंग्रजी येतं का? ऑस्ट्रियात निम्म्या मुलखात डाव्या बाजूने आणि निम्म्यात उजव्या बाजूने गाड्या चालतात असं छापलं आहे. ते खरं असेल तर मधल्या वेशीवर काय करतात? हा प्रश्न मी भिकाजीला विचारला तेव्हा तो म्हणाला, "थांबत असतील नि देवाचा नाव घेत असतील."

तुझी आई कुळथाचं पीठ, सोलं आणि सुका जवळा बरोबर घेणार आहे. जवळ्याच्या वासाने इटालियन लोक आपल्याला बोटीवरून उतरवतील, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "आत्म्याला आवडतो." इतके दिवस मला वाटत होतं की तो आमच्या वाटेतल्या जेवणासाठी आहे.

व्हिएन्नात डोळ्यांचे नामांकित डॉक्टर आहेत म्हणतात. तिच्या चष्म्याचा नंबर थोडा वाढला आहे. गेलोच आहोत तर दाखवून घ्यावं. विशेष काही नाही.

गंगाराम मध्यंतरी भेटला होता. त्याची मथुरा मालवणात सुखी आहे, दोन मुलं आहेत तिला. तू परत येशील म्हणून ती पोर सहा वर्षं थांबली होती आणि तिच्या बापाला शब्द मी दिला होता, हे तू विसरला नसशील. तुझ्या लग्नाचं पत्र आलं तेव्हा तो शब्द मला बंदराच्या पायऱ्यांवर, चार माणसांसमोर परत घ्यावा लागला. दोष द्यायला लिहीत नाही. ती सुखी आहे, एवढंच कळवायचं होतं.

दोन दिवसांऐवजी चार दिवस व्हिएन्नात राहावं असं तुझी आई म्हणते. मोटारीचे दोन दिवस कमी करता येतील.

महिपत


मांडवी
११ जानेवारी १९३८

आत्माराम,

तुझं पत्र परवा पोचलं. चार ओळी आणि एक फोटो. चार ओळींतही तू "या" म्हणालास, ते आम्हाला पुरे आहे.

तू लिहितोस, स्वित्झर्लंडात किंवा इटलीत तुला आमच्याबरोबर येता येणार नाही, आणि "कारण आबांना ठाऊक आहे." पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती ओळ गाळली. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तिने कागद हातात घेऊन बोटाने चाचपला, जणू शाईचा फुगवटा लागतो.

आता तिच्या डोळ्यांचं खरं लिहितो. चष्म्याचा नंबर हे मी बनवून लिहिलं होतं. भाद्रपदात तिला मिरजेला नेलं. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती कदाचित पावसाळ्यापर्यंत टिकेल, कदाचित नाही. बाजूचं सगळं गेलं आहे, समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. मिरजेहून परत येताना आंबा घाट उतरलो. खाली साखरप्याला मोटार थांबली तेव्हा म्हणाली, "डोळे जायचेच असतील तर जाऊ देत. पण त्याआधी आत्म्याला बघू दे मला." हा सगळा प्रवास त्या एका वाक्यातून निघाला आहे. तळी, मोटार, स्वित्झर्लंड, हे मी वर चढवलं, कारण नुसतं "तुला भेटायला येतो" असं लिहिणं मला जमेना.

फोटो घेऊन ती पडवीच्या दारात उजेडाला बसली. त्या नळीत एका वेळी एकच चेहरा मावतो. आधी तू, मग तुझी बायको, मग मुलगी. तिघं एकत्र तिला दिसले नाहीत. बराच वेळ ती फोटो इकडून तिकडे सरकवत होती.

फोटोच्या मागे तू मुलीचं नाव लिहिलं आहेस. चिमा. माझ्या आईचं नाव तू तिकडच्या पोरीला ठेवशील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

स्वित्झर्लंड रद्द केलं आहे. मिलान आणि व्हेनिस नुसतं गाडी बदलण्यापुरतं. व्हिएन्नात वीस दिवस. मोटारीने जायचं ते तुम्ही तिघं आणि आम्ही दोघं मिळून, तुझ्या मुलखाच्या हद्दीतच, म्हणजे तुला अडचण नाही.

तुझे आबा


मांडवी
४ मार्च १९३८

चि. आत्माराम,

तिकिटं आली. सात एप्रिलला मुंबईहून बोट, एकोणीसला जिनोआ, एकवीसला संध्याकाळी तुमच्या दक्षिणेकडच्या स्टेशनावर. मोटारही ठरली. पाच माणसांची, ड्रायव्हरसकट, साल्झबर्ग स्टेशनाबाहेर सव्वीस तारखेला सकाळी नऊ वाजता. ड्रायव्हर आमच्या नावाची पाटी धरून उभा राहील असं कंपनीने लिहिलं आहे. "नागवेकर" हे नाव तिकडे एखाद्या पाटीवर कसं लिहितील, याचा मी दोन दिवस विचार करतो आहे. पैशासाठी मुरुगवाड्याची आंब्याची कलमं विकली. ती कुणासाठी ठेवायची होती, असं तुझी आई म्हणाली, तेव्हा प्रश्न मिटला.

तिला बूट घालून चालायला शिकवणं हे सध्या घरातलं मुख्य काम आहे. आयुष्यात पायात काही न घातलेली बाई. भिकाजी पुढे चालतो, ती त्याच्या मागे दगडी पाखाडीवरून, आणि मी तिचा हात धरून.

"वैनी, टाच आधी टेकवायची, मंग चवडा."

"भिकाजीभावजी, दगड कुठाय ते पायाला कळत नाही हो यात."

"तां कळूच नये म्हनून तर बूट."

"मला डोळ्याला कळत नाही, आता पायालाही नको कळायला? मग मी चालू कशाने?"

मग तिने स्वतःच बूट काढले, हातात घेतले आणि म्हणाली, "गाडीतून उतरेपर्यंत अनवाणी. आत्म्याच्या दारात घालीन." तेवढ्यावर तडजोड झाली आहे.

तुझ्या बायकोला काय न्यावं ते कळेना. आईने खणाची चोळी शिवून घेतली आहे, फोटोवरून माप काढून. होणार नाही, पण घे म्हणावं.

आता पत्र पाठवू नकोस, चुकामूक होईल. स्टेशनावर भेटू.

तुझे आबा


मांडवी
२२ मार्च १९३८

चि. आत्माराम,

मुंबईचं वर्तमानपत्र इथे एक दिवस उशिरा येतं. चौदा तारखेला कळलं की जर्मन फौजा तुमच्या मुलखात शिरल्या. त्या दिवसापासून मी तीन तारा केल्या आहेत. पोस्टमास्तर म्हणतात, तार गेली एवढं ते सांगू शकतात, पोचली की नाही हे सांगू शकत नाहीत. हेच वाक्य मी स्वतः बंदरावर लोकांना हजारदा सांगितलं असेल. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं हे मला माहीत नव्हतं.

कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की बोट वेळेवर आहे, गाड्या वेळेवर आहेत, मोटारही ठरल्याप्रमाणे मिळेल, फक्त आता त्या मुलखात सगळीकडे उजव्या बाजूने गाड्या चालवायचा हुकूम होतो आहे.

भिकाजीला विचारलं, "काय करावं?" तो म्हणाला, "महिपतराव, दर्यात वादळ असला तर मी सांगतो. जमिनीवरचा मला कळत न्हाय."

आईला मी सांगितलं आहे की तिकडे राज्य बदललं. ती म्हणाली, "राज्य बदललं तर घरं बदलतात का?" मी नाही म्हटलं. खरं काय ते मला ठाऊक नाही.

दोन ओळी लिही. एक लिही.

आबा


मांडवी
१९ एप्रिल १९३८

चि. आत्माराम,

आज आम्ही जिनोआला उतरणार होतो.

तुझं पत्र झुरिकच्या तुझ्या मित्राने वेगळ्या पाकिटातून पाठवलं, ते पाच तारखेला इथे पोचलं. आम्ही मुंबईला जाणाऱ्या आगबोटीसाठी बंदरावर उतरलो होतो. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात सामान चढलं होतं, आई पडावाच्या फळीवर बसली होती, आणि पोस्टाचा शिपाई पायऱ्यांवरून हाका मारत आला. मी तिथेच उभ्याने वाचलं आणि सामान उतरवायला सांगितलं. खलाशी चिडले. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "जायचं नाही." पायऱ्या चढताना तिने माझा हात धरला नाही. भिकाजीचा धरला.

तू लिहिलंस की तुझी बायको हेलेन ज्यू आहे, हे तू आम्हाला कधी सांगितलं नव्हतंस. तिचं शाळेतलं काम गेलं, तुझ्या कारखान्याने तुलाही काढलं, तिच्या वडिलांना गुडघ्यांवर बसवून रस्ता घासायला लावला. घरी गेल्यावर आईला ते सगळं सांगितलं. तिला ज्यू म्हणजे काय ते सांगावं लागलं. म्हणाली, "म्हणजे अलिबागेकडचे शनवार तेली ना? माझ्या माहेरी शेजारी होते ते. शनवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांना कोण कशाला छळील?"

आणि तू लिहिलंस की तुमच्याकडे पासपोर्ट असता तर तुम्ही पहिल्याच आठवड्यात गाडीत बसला असता. पण तुझ्याकडे तो नाही, आणि लग्नाने त्या दोघी तुझ्याच कागदावर, म्हणून त्यांच्याकडेही नाही. इंग्रजांचा तिथला राजवकील म्हणतो, तू रत्नागिरीचा, अमक्याचा मुलगा, हे इकडून लिहून आलं पाहिजे. आणि मागे एकदा विचारलं होतं तेव्हा इकडून काय गेलं ते त्याच्या कागदात आहे.

ते मी लिहून दिलं होतं.

१९३५ सालच्या श्रावणात कलेक्टर कचेरीतला कारकून घरी आला होता. तुझ्या पासपोर्टाची मुदत संपली होती, नवा द्यायचा तर चौकशी हवी, म्हणून. त्याच आठवड्यात तुझंही पत्र आलं होतं, "आबा, एवढी सही करा." त्याआधी महिनाभर मथुराचं लग्न झालं होतं, एका बिजवराशी, आणि गंगाराम मांडवात माझ्याशी बोलला नव्हता. कारकुनाने विचारलं, "आत्माराम महिपत नागवेकर, हे आपले चिरंजीव का?" मी त्याच्याच टाकाने लिहिलं, "या नावाचा माझा मुलगा नाही." खाली सही केली. पुरी सही. तुझं पत्र मी चुलीत घातलं. आई तेव्हा विहिरीवर होती.

त्याने एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. तुला घरी परत यायला त्रास व्हावा, एवढंच मनात होतं. नाही, तेही मनात नव्हतं. राग होता.

हे मी काल आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. आता दिसत नाही तरी निवडते, बोटांनी. ऐकून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं तो तिकडे अडकलाय, तो तुमच्यामुळे. आणि मी देवाला बोल लावत होते." मग उठून, भिंत चाचपत आत गेली. कालपासून माझ्याशी बोलत नाही.

उद्या कचेरीत जातो.

आबा


मांडवी
१२ मे १९३८

चि. आत्माराम,

सोबत तुझ्या शाळेचा दाखला, माझं प्रतिज्ञापत्र आणि आईचा जबाब, यांच्या नकला. मूळ कागद सरकारी वाटेने गेले आहेत आणि साहेबांनी तिकडे तारही केली आहे. नकला मी झुरिकच्या मित्राकडे पाठवतो आहे, तो तुला पोचवील.

चार खेपा झाल्या. पहिल्या तिन्ही वेळा मी एकटा गेलो. साहेब माणूस वाईट नाही. त्याने जुना कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"नागवेकर, अक्षर तुमचं?"

"माझं."

"यात मुलगा नाही म्हणता. आज आहे म्हणता. तीन वर्षांत झाला का?"

"तेव्हा खोटं लिहिलं, साहेब."

"मग आजचं खरं कशावरून? उद्या पुन्हा राग आला तर?"

अठ्ठावीस वर्षं या गावात माझ्या शब्दावर माणसं बोटीची वाट पाहत पायऱ्यांवर बसून राहिली, आणि आता माझ्याच शब्दाला कचेरीत कोणी विचारीना.

चौथ्या खेपेला मी निघालो तर आई दारात उभी. नेसून, तयार. तेवीस दिवसांनी पहिलं बोलली, "मला घेऊन चला." तिला खुर्ची दिली तर ती बसली नाही. साहेब कुठल्या बाजूला आहे ते तिला नीट कळत नव्हतं, म्हणून ती जराशी खिडकीकडे तोंड करून बोलली.

"त्या कागदावर माझी सही आहे का?"

"नाही, बाई."

"मग तो कागद ह्यांचा. ह्यांना मुलगा नसेल. मला आहे."

कारकून हसायला लागला होता, तो थांबला. मग तिने सगळं सांगितलं. कुठल्या साली, कुठल्या खोलीत, कुठली सुईण. सात वर्षांचा असताना चुलीवरचं आधण अंगावर घेतलंस, त्याचा डाव्या खांद्यामागचा डाग. भिकाजीने साक्ष दिली. साहेबांनी लिहून घेतलं आणि सही करायला टाक तिच्या हातात दिला. तिला ओळ सापडेना. साहेब स्वतः उठले, तिचं बोट धरून कागदावर टेकवलं आणि म्हणाले, "इथे, आई." आम्ही बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता मार्ग सांगतो, तो नीट वाच. कागद हातात पडताच व्हिएन्नाहून झुरिकची गाडी धरा, इटलीच्या वाटेने निघू नका, नाके बदलले आहेत. झुरिकहून मिलान, मिलानहून जिनोआ. आमची परतीची तिकिटं कंपनीने रद्द केलेली नाहीत. तुमच्या तिघांच्या नावावर करून घेतो, त्यांनी कबूल केलं आहे. मुंबईला भिकाजीचा पुतण्या शिवा धक्क्यावर येईल. तोवर इकडच्या आगबोटी पावसाळ्यासाठी बंद झालेल्या असतील, म्हणून मुंबईहून आगगाडीने पुणे-मिरजेवरून कोल्हापूर, आणि कोल्हापुराला मी स्वतः मोटार घेऊन उभा राहीन. घाटात दरडी येतात, म्हणून दिवसाउजेडीच निघू. साखरप्याला चहा. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी.

पुढची खोली चुना देऊन घेतली आहे. हेलेनला तिखट चालत नसेल तर आई म्हणते, सोलकढी आणि मऊ भात. चिमाला झोपाळा बांधला आहे.

तुझे आबा


मांडवी
३ जुलै १९३८

चि. आत्माराम,

तुझं झुरिकचं पत्र काल मिळालं. बाहेर पाऊस इतका होता की शिपाई पाकीट टोपीत घालून आला.

तिघंही सुटलात. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

त्याच्या पुढचंही वाचलं. हेलेनचा भाऊ लंडनला आहे, तुम्ही त्याच्याकडे जाणार. जिनोआची बोट तुम्हाला नको. तू लिहितोस, "आबांच्या सहीने अडकलो आणि आईच्या सहीने सुटलो. आता त्या घराच्या उंबऱ्याशी यायला मन घेत नाही. हेलेनला ते सगळं ठाऊक आहे. तिला मी तिथे आणून उभी करू शकत नाही."

या खेपेला मी एकही ओळ गाळली नाही. आईला सगळं वाचून दाखवलं, हे वाक्यसुद्धा. वाचताना माझा आवाज नीट राहिला, एवढं मी करू शकलो.

ती म्हणाली, "तिघंही?"

"तिघंही."

"पोर पण?"

"पोर पण."

"मग झालं," ती म्हणाली आणि झोपाळ्याच्या कड्या काढून ठेवायला सांगितल्या. पावसाने गंजतील म्हणून.

चौदा जूनपासून तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आधी कळवलं नाही, कारण ते वाचून तुम्ही निघाला असता, तर आपल्याच मनाने निघालात की तिच्या डोळ्यांसाठी, हे मला कधी कळलं नसतं. आता कळलं आहे.

लंडनचा मार्ग मी काढलेला नाही. पुस्तकं भिकाजीला देऊन टाकली. तू बोलावशील असं धरून बसत नाही, आणि नाही असंही म्हणत नाही. माझ्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढंच लिहायचं होतं. कोल्हापूरची मोटार सांगितली होती, तिला नको म्हणून कळवलं.

आईला काही लिहायचं आहे. मी म्हटलं, सांग, मी लिहितो. ती नको म्हणाली. कागद आणि दौत तिच्यापुढे ठेवून मी पडवीत जाऊन बसतो आहे. ती काय लिहील ते मी वाचणार नाही, घडी करून पाकिटात घालीन.

आबा


आत्मा

ओळी वरखाली होतील. तिसरीपर्यंतच शिकले, तेही दिसत होतं तेव्हा.

तू सुखरूप आहेस. बरं वाटलं. येऊ नको मनात नसेल तर. राग असा सांगून जात नाही, मला ठाऊक आहे, मीही ह्यांच्याशी तेवीस दिवस बोलले नाही.

पण यापुढे पत्र घालशील ते माझ्या नावाने निराळं घाल. यमुना महिपत नागवेकर, मांडवी. माझ्या नावाने आजवर टपाल आलेलं नाही. वाचून दाखवणारा मी बघीन, ह्यांना सांगणार नाही. गंगारामाची मथुरा माहेरपणाला येते तेव्हा बसते माझ्यापाशी, तिला चांगलं वाचता येतं. ती रागावलेली नाही तुझ्यावर, मी विचारलं.

भांडायचं असलं तर माझ्याशी भांड. हेलेन कशी बोलते, कशी हसते ते लिही. पोरीचे दात पडायला लागले का ते लिही. फोटो नको. लिही.

आई